तेल प्यालेलं लाकूड

वैशाखातल्या दुपारी, वाळत घातलेल्या सुकटाचा खारट दर्प अंगणावर स्थिरावलेला असे. त्यातच कुठूनतरी कोमट खोबरेलाचा वास येई, आणि फिलूआतू क्रुसापाशी गेली आहे हे मला न बघताच कळे. वासामागून आवाज येई. जुन्या सुती साडीच्या फडक्याचा, लाकडावर फिरणारा, ओलसर आणि संथ, गाय वासराला चाटताना येतो तसा. मी खिडकीतून बघत असे. उन्हात तिची लहानशी आकृती चौथऱ्यावर वाकलेली, एक हात लाकडाला टेकवलेला आणि दुसरा वरून खाली येणारा. खाली येताना अंगठा प्रत्येक भेगेपाशी क्षणभर थांबे, तिथे जास्तीचं तेल सोडी आणि मग पुढे जाई. त्या थांबण्यात एक प्रकारचं विचारणं होतं. घरात कुणी तिला काही विचारत नसे. ती मात्र त्या लाकडाला इंचाइंचाला विचारत असे.

फिलोमिना हे तिचं पूर्ण नाव, माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही याची घरात दोन-तीन निरनिराळी उत्तरं होती आणि प्रत्येक उत्तर ते देणाऱ्याच्या सोयीचं होतं. ती अंगाने सुकी होती, पण कोरडी नव्हती. उन्हाळ्यात मडक्याच्या बाहेरच्या बाजूला ओल येते तशी एक न दिसणारी ओल तिच्या वावरण्याला होती. ती चाले तेव्हा पावलं वाजत नसत, पण ती खोलीतून गेल्यावर काहीतरी नीट झालेलं असे: पडदा सरळ झालेला, पाण्याच्या भांड्यावर झाकण आलेलं, माझी पुस्तकं एकावर एक रचलेली. ती गावची भाषा बोले, जिच्यात पाण्याचं पानी होतं आणि माणसाचं मानूस. मी इंग्रजी शाळेत गेले, आणि पप्पांनी माझ्या तोंडी ती भाषा येऊ दिली नाही; त्यामुळे आतूचं बोलणं मला सगळं समजे, पण तिच्यासारखं बोलायला माझी जीभ वळत नसे. आमच्या दोघींत म्हणून बोलणं थोडं आणि बघणं फार होतं. मला ते बरं वाटे. मलाही माणसांपेक्षा त्यांचे हात बघणं सोपं जातं.

आमच्या आळीच्या तोंडाशी, आमच्याच कुंपणाला लागून, सागाच्या दोन जाड वाशांचा तो क्रूस उभा आहे. पणजोबांनी कुठल्याशा नवसापायी तो उभारला. नवस कशाचा होता ते आज कुणाला सांगता येत नाही, पण क्रुसाचं करणं राहिलं. मे महिन्यात त्याचा सण येतो. त्याआधीच्या दिवसांत घरोघर आगोट चालते, म्हणजे पावसाळ्याची बेगमी: मसाले कुटून घ्यायचे, सुकी मासळी डब्यांत भरायची, सरपण आत घ्यायचं. आमच्या आळीत माणसांबरोबर क्रुसाचीही आगोट होते. त्याला तेल पाजायचं, म्हणजे पाऊस सोसायला त्याच्या अंगात बळ राहतं. हे काम आमच्या घरातल्या बाईचं. आधी आजीचं होतं, तिच्यामागे आतूचं झालं. आणि जिने क्रूस माखला, तिनेच सणाच्या संध्याकाळी पुढे होऊन पहिली मेणबत्ती लावायची हा दंडक होता. मग क्रुसापुढे जमून सगळे लादीन गात, आमची ती सणाची प्रार्थना. शेवटी म्होरक्या म्हणे, क्रूस माखणाऱ्या हातांसाठी एक ‘आमच्या बापा’. सगळी आळी, म्हातारे, पोरं, बाहेरगावाहून आलेले पाहुणे, माना खाली घालून ती प्रार्थना पुटपुटू लागत.

त्या काही श्वासांपुरतं आतूचं रूप पालटे. मेणबत्तीचा पिवळा उजेड तिच्या हनुवटीखाली पडे आणि चेहऱ्यावरची सगळी वर्षं त्या उजेडात वर चढून कपाळावर एकत्र गोळा झाल्यासारखी दिसत. ती हसत नसे. दोन्ही हात पोटापाशी एकमेकांत घेऊन उभी राही, जणू ज्यांच्यासाठी हे सगळे प्रार्थना करत आहेत ते कुणी दुसरे आहेत आणि तिच्याकडे फक्त सांभाळायला दिले आहेत. वर्षभर ती या घरात भावाच्या ताटाला जेवत असे. त्या एका संध्याकाळी मात्र आळीत तिचं स्वतःचं असं काहीतरी असे.

पप्पा औषधांच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात होते. निवृत्त होऊन घरी बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घर ही एक बिघडत राहणारी वस्तू आहे, आणि बिघाडाचं मूळ लाकडात आहे. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात तडकतं, वाळवी बोलावतं, रंग टाकतं. पप्पांचं त्याच्याशी वैर जडलं. आजवर या सगळ्यावर आतूचे उपाय चालत. आषाढात न्हाणीचं दार अडायला लागलं की ती मेणबत्तीचं थोटूक घेऊन त्याच्या कडा घाशी. माजघराची खिडकी उन्हाळ्यात सैल झाली की फटीत सुतळी बसवी. पाट, पोळपाट, आजीची पेटी, सगळं भाद्रपदातल्या उघडिपीला अंगणात उन्हाला मांडी आणि संध्याकाळी एकेक उचलून, तळव्याने चाचपून, आत घेई. घराच्या लाकडाला ऋतू होते आणि ते ऋतू तिच्या हातांना पाठ होते. पप्पांना या कामांचा कंटाळा नव्हता, कारण ती त्यांना करावी लागत नव्हती. ती दरसाल करावी लागतात, याचाच त्यांना राग होता.

कळंबच्या बाजूला होड्यांना फायबर चढवणारा जनार्दन नावाचा एक माणूस होता. कोळीवाड्यातली कामं करता करता तो आताशा समुद्राकाठच्या कॉटेजांची लाकडी कामंही करू लागला होता. पप्पांनी त्याला गाठलं. पहिल्यांदा होडीच्या कामातलं उरलेलं पॉलिएस्टर रेझिन न्हाणीच्या दाराला लावलं. त्याचा वास घरभर असा पसरला की आठवडाभर भाताला तोच वास येत होता, आणि पावसात तो थर दाराच्या अंगावरून पापुद्र्यासारखा सुटून आला. जनार्दन म्हणाला, साहेब, हे स्वस्तातलं लाकडाला नीट धरत नाही, होडीला आम्ही काचेच्या कापडाबरोबर चढवतो म्हणून टिकतं. घराच्या लाकडाला इपॉक्सी घ्या. तेव्हापासून पप्पांच्या आयुष्याला पुन्हा तरतरी आली. एका डब्यातलं रेझिन, दुसऱ्यातलं हार्डनर, दोन्ही मापाने मगमध्ये ओतून हळूहळू ढवळायचं. मिश्रण हातात आपोआप गरम होऊ लागे आणि पप्पा तो मग माझ्या गालाला लावून म्हणत, बघ, जिवंत आहे. मग ब्रशने पातळ, लांब हात द्यायचे. लाकूड आधी काळवंडे, मग खोल होई, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर काच धरलेली असे. मला ते आवडलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते सुंदर होतं. तळ्याच्या तळाशी बघावं तशा सागाच्या रेषा त्या काचेखाली दिसत, आणि बोट लावलं तर लाकूड लागतच नसे.

न्हाणीचं दार गेलं, मग माजघराची खिडकी, मग पोळपाट ठेवायची फळी, मग आजीची पेटी. ‘गेलं’ हा शब्द आतूचा. प्रत्येक वस्तूबरोबर तिचं एकेक काम संपत गेलं. तसं ते कुणाच्या मनातही आलं नसावं, कारण ती कामं होती हेच कुणी मोजलेलं नव्हतं. आषाढ आला आणि न्हाणीचं दार न कुरकुरता मिटलं. आतू मेणबत्तीचं थोटूक हातात धरून दारापाशी जराशी उभी राहिली आणि ते पुन्हा देव्हाऱ्यापाशी ठेवून आली. त्या दिवसापासून तिच्या चालण्याला एक न ठरलेपणा आला. ती खोलीत येई, मध्यापर्यंत जाई, आणि आपण कशाला आलो होतो ते विसरल्यासारखी परत फिरे. पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत, एकदा केलं की दहा वर्षं बघायला नको. हे वाक्य मी तिच्या चेहऱ्यावरून जाताना कितीदा तरी पाहिलं आहे.

मग क्रुसाची पाळी आली. त्याच्या बुंध्याशी, जिथे वासा चौथऱ्यात शिरतो, तिथे जराशी भुसभुशीत खोक पडली होती, हे खरं होतं. सण तोंडावर होता. पप्पांनी आळीतल्या चार जणांना सांगितलं आणि चौघांनाही ते पटलं. घरात मम्मीला पटलं. आतू ओटीवर बसून सुकटातले खडे निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “मग तेल?”

“तेल कशाला आता?” पप्पा म्हणाले. “आता त्याला काहीच लागणार नाही.”

ते मायेने म्हणाले होते. थकलेल्या बहिणीच्या डोक्यावरचं एक ओझं आपण उतरवलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

जनार्दनने एका दिवसात क्रूस खरवडून, पॉलिश पेपरने घासून, थिनरने पुसून काढला. पिढ्यांच्या तेलाने काळाभोर झालेला तो साग आतून मधासारखा निघाला. आळीतली माणसं येऊन बघून गेली. पावसाळी दमट हवा अजून आली नव्हती, पण दव नको म्हणून रात्रीसाठी वरून प्लॅस्टिक बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सोडलं तेव्हा लाकूड किंचित गडद दिसलं. पप्पांना वाटलं दव आत शिरलं. त्यांनी कोरड्या फडक्याने पुसलं, जनार्दनने पुन्हा पुसलं, जरा ऊन चढू दिलं, आणि थिनरच्या उग्र वासात दुसरा कुठला वास कुणाला आला नाही. हात द्यायला सुरुवात झाली. मी कामावर निघाले होते. आतूने माझ्यासमोर चहाचा पेला ठेवला आणि पेल्यावर तिच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटलेला होता. त्या दिवसांत तिचे हात नेहमीच तसे असत.

संध्याकाळी मी परतले तेव्हा सगळे क्रुसाभोवती जमले होते. रेझिन लाकडावर धरलंच नव्हतं. अळूच्या पानावर पाणी राहावं तसं ते जागोजाग आकसून थेंबांत गोळा झालं होतं. काही ठिकाणी काच झाली होती, काही ठिकाणी लाकूड उघडं होतं, आणि मधली जागा ओल्या गुळासारखी चिकट. वाळेल, पप्पा म्हणत राहिले. ते सणापर्यंत वाळलं नाही.

सणाच्या संध्याकाळी झेंडूच्या माळा घातल्या आणि त्यांच्या पाकळ्या क्रुसाला चिकटून बसल्या. चिलटं चिकटली, उदबत्तीची राख चिकटली. आमच्याकडे लोक क्रुसाला कपाळ टेकून ओठ लावतात. ओठ लावून मागे होताना बायकांचे केस त्यात अडकू लागले. शेजारची एक म्हातारी आपला पदर सोडवत म्हणाली, “फिलूचा क्रूस आज कोनाला सोडीत नाय.” मागच्या रांगेत हसू फुटलं आणि ते पोरांपर्यंत पसरलं. लादीन गाताना पप्पांचा आवाज चढला नाही. आतूने त्या वर्षीही पहिली मेणबत्ती लावली, कारण तिने माखला नाही असं अजून कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. म्होरक्याने सवयीने तिच्या हातांसाठी ‘आमच्या बापा’ सांगितला. तिने ते हात त्या दिवशी पोटापाशी धरले नाहीत. पाठीमागे नेले.

दुसऱ्या सकाळी जनार्दन आला. त्याने नखाने एक चिकट थर उचलला, खालच्या लाकडावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. “साहेब, खोबरेल आहे. ताजं आहे, जुनं नाही.”

पप्पा वळले. आतू तुळईखाली, ओटीच्या पायरीवर उभी होती. त्यांनी तिला विचारलं, हात लावला होतास का. ती म्हणाली, “सणाआधी लावतात तसं लावलं.”

पप्पांना मी तसं रागावताना आधी पाहिलं नव्हतं. ते ओरडले नाहीत. हळू, दातांतून बोलले. आळीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, म्हणाले. इतका खर्च, इतकी मेहनत, माझं नाव, सगळं घालवलंस. यापुढे क्रुसाला बोट लावायचं नाही. आणि मी बघत होते, कारण मला बघण्याशिवाय काही येत नाही: ते बोलत होते तोवर आतू ताठ होत गेली. खांदे मागे गेले, हनुवटी वर आली, गळ्याची शीर दिसू लागली. मेणबत्तीच्या उजेडातही ती कधी इतकी उंच दिसली नव्हती. ती पप्पांच्या डोळ्यांत बघत होती, आणि काहीतरी बोलण्यासाठी तिचे ओठ विलग झाले होते.

तेवढ्यात मम्मी पुढे आली. “अहो, त्यांना काय बोलता? त्यांना काय कळतंय त्यातलं? लाकूड कोरडं पाहिजे हे कुणी सांगितलं त्यांना? बिचाऱ्या दरवर्षीसारखं करून मोकळ्या झाल्या.”

पप्पा थांबले. त्यांनी बहिणीकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग एकदम ओसरला. त्याच्या जागी एक ओशाळं, प्रेमळ हसू आलं. खरंच की, म्हणाले, चूक आपलीच. तिला बिचारीला कुणी सांगितलंच नाही. जनार्दन काहीतरी बोलणार होता, पण गिऱ्हाईक निवळलंय हे पाहून तोही हसला. सगळ्यांना बरं वाटलं. आणि त्या हसण्याखाली आतूचे खांदे पुन्हा पुढे आले, हनुवटी खाली गेली, आणि ती पायरीवरून वळून आत निघून गेली. रागाने जी सरळ झाली होती ती दयेने वाकली. त्या वेळी मला हे नुसतं दिसलं, उमगलं नाही.

जनार्दनने क्रूस पुन्हा खरवडला. तेल आत मुरलं होतं. थिनरची फडकी बांधून ठेवायची, उन्हात तापवायचं, तेल वर येईल तसं पुसायचं, पुन्हा फडकी. अंगठा ज्या भेगांपाशी थांबत असे त्या भेगा त्याने भुसा आणि रेझिन कालवून बुजवल्या. बुंध्याची खोकही भरली. मग थरावर थर आणि शेवटी उन्हासाठी वेगळा कोट. या खेपेला ते धरलं. जूनमध्ये पाऊस आला आणि क्रुसावरून पाणी असं ओघळून गेलं की जणू ते त्याला भेटलंच नाही. त्यानंतर किती पावसाळे गेले, क्रूस तसाच आहे. ना फुगला, ना तडकला, ना कुठे किडला. एखाद्या कथेत तो आतून सडला असता आणि आतूचं खरं ठरलं असतं. इथे पप्पांचंच खरं ठरलं, आणि त्यांना त्याबद्दल दोष देता येईल असं काही माझ्यापाशी नाही.

पुढच्या वर्षीच्या सणाला मेणबत्ती कुणी लावायची हे कुणी ठरवलं नाही. क्षणभर सगळे थांबले, आणि मग पप्पाच पुढे झाले, कारण क्रूस त्यांनी नवा केला होता. म्होरक्या शेवटी अडखळला. मग म्हणाला, क्रुसाची निगा राखणाऱ्या घरासाठी एक ‘आमच्या बापा’. घरासाठी. आतू बायकांच्या मागच्या रांगेत, कुंपणाला टेकून उभी होती. तीही पुटपुटत होती. जे घर तिला जेवू घालत होतं त्या घरासाठी ती आता दरसाल प्रार्थना करणार होती, आणि तिच्या हातांसाठी कुणीच करणार नव्हतं.

त्याच पावसाळ्यात, एका करड्या, वारा पडलेल्या दुपारी, आम्ही दोघी स्वयंपाकघरात वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यातून उचलायचे, अंगठ्याने दाबायचे, डाळिंबी टपकन बाहेर येते आणि साल बोटांत राहते. तिचा अंगठा चालत होता, माझा रेंगाळत होता. बाहेर पागोळ्यांचा आवाज. आणि ती, काही संदर्भ नसताना, पाण्यात बघत म्हणाली,

“मना ठाव होतं.”

मी हात थांबवला. तिने थांबवला नाही.

“तो मानूस बोललेला मना. चाय द्यायला गेली तवा. आंटी, आता तेल नका लावू, लाकूड धरायचं नाय. कोनी सांगितलं नाय म्हनतात. सांगितलेलं.” एक डाळिंबी ताटात पडली. “सगली वाटी ओतली मी. रातच्याला, बांधलेलं प्लॅस्टिक सोडून.”

मी तिला विचारलं, मग त्या दिवशी बोलली का नाहीस. माझा प्रश्न मलाच शाळेतल्यासारखा वाटला. तिने हातातली सालं बाजूच्या परातीत टाकली, पदराला अंगठा पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दुःख नव्हतं. बाजारातून दर विचारून आल्यावर असते तशी स्वच्छ, हिशेबी नजर होती.

“बिचारीला ताट मिलतं, बाय. वैरिनीला कोन वाढील?”

मग तिने आणखी वाल पाण्यात टाकले.

मी पुष्कळ दिवस त्या वाक्याभोवती फिरत राहिले. आयुष्यात एकदाच ती कुणाच्या तरी विरुद्ध उभी राहिली होती. आपल्या जागेसाठी, प्लॅस्टिकची दोरी सोडून, सगळं तेल ओतून. ते तिचं एकमेव स्वतःचं कृत्य होतं, आणि घराने ते तिच्या हातातून अलगद काढून घेऊन तिथे अज्ञान ठेवलं होतं. आणि तिला ते स्वीकारावं लागलं, कारण त्या अज्ञानावर तिचा भात शिजत होता. ती हे मला सांगून मोकळी झाली की मला त्यात बांधून गेली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर ती हळूहळू कमी होत गेली. आजार असा सांगण्यासारखा नव्हता. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण, मग खोलीतून खोलीत जाणं. हात मात्र शेवटपर्यंत चालत राहिले: चादरीच्या काठावरून, खाटेच्या पट्टीवरून, माझ्या मनगटावरून, वरून खाली, मध्येच थांबत. नाताळ संपून हवेत पानगळीचा कोरडा वास आला होता तेव्हा ती गेली. पप्पा लहान मुलासारखे रडले. त्यांचं तिच्यावर प्रेम होतं. हे लिहिताना मला ते मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण प्रेम नसतं तर हे सगळं सोपं झालं असतं.

आता दरवर्षी सणाला, लादीन झाल्यावर, अंगणात खुर्च्या मांडून उकडलेले चणे आणि सरबत वाटतात तेव्हा पप्पा ती गोष्ट सांगतात. नायगावच्या टॉवरांत राहायला गेलेली चुलतभावंडं असतात, त्यांच्या बायका असतात, ज्यांनी आतूला कधी पाहिलंही नाही. पप्पा क्रुसाच्या चकचकीत अंगावर थाप मारतात आणि सुरू करतात: पाकळ्या कशा चिकटल्या, म्हातारीचा पदर कसा अडकला, आणि मग बहिणीचा आवाज काढून, डोळे मोठे करून, “सणाआधी लावतात तसं लावलं!” सगळे हसतात. पप्पा डोळे पुसतात. भोळी होती बिचारी, म्हणतात. देवमाणूस.

यंदा ते तिथवर आले आणि माझ्या तोंडून, मी ठरवलेलं नसताना, निघालं, “तिला ठाव होतं.”

हशा दुप्पट झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी ती भाषा चारचौघांत बोलले होते आणि सगळ्यांना वाटलं, मीही आतूची नक्कल करते आहे. एका वहिनीने टाळी दिली. पप्पांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, अगदी तिच्यासारखं बोललीस गं.

मी हसले नाही. मी पुन्हा म्हणाले, या वेळी माझ्या शिकलेल्या स्वच्छ मराठीत, एकेक शब्द वेगळा करून. “पप्पा, आतूला माहीत होतं. तिला सांगितलं होतं. तिने मुद्दाम तेल ओतलं.”

हसणं विरलं. कुणीतरी चण्यांचं भांडं उगाच पुढे सरकवलं. पप्पांचा हात क्रुसावर होता तसाच राहिला. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मला एका क्षणापुरतं दिसलं की त्यांना पटलं आहे. कदाचित त्या सकाळीच, तिची हनुवटी वर आली तेव्हाच, त्यांना पटलं होतं. मग ते मिटलं. त्यांनी मान हलवली. अगदी मऊ, क्षमा केल्यासारखं, एखाद्या गैरसमजातून मला बाहेर काढत असल्यासारखं म्हणाले,

“नाही गं. ती तशी नव्हती.”

आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडून माना डोलावल्या. नव्हतीच तशी. मेणबत्त्या वितळत होत्या, सरबताचे पेले गोळा होत होते, आणि मला कळलं की ती कशी होती हे सांगणारी मी एकटीच आहे आणि एकटीचं काही चालत नाही. गेलेल्या माणसाची बाजू काळसुद्धा घेत नाही. मागे उरलेल्यांच्या आठवणीत, त्यांच्या सोयीने, त्याला दरवर्षी पुन्हा निष्पाप व्हावं लागतं.